बटन दाबल्यावर निघालेला आकडा

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करायची इच्छा आहे. पण आमचे मोठे बाबा म्हणतात, "कॉम्प्युटर एका बटनात सरासरी काढून देते, तू दोन वर्षं काऊन वाया घालवते?" त्यांना काय सांगू? गणितात मी बेताचीच आहे.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सरासरीपुरतं मोठ्या बाबांचं बरोबर आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे सरकार निवडक घरांत जाऊन खाणं-खर्च विचारतं त्याची, माहिती तपासणाऱ्या मोजक्या केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. मीही नोकरीभर असल्याच छाननीत होते. एकदा चार माणसांच्या घरात महिन्याचा तांदूळ निघाला 15,000 किलो. घरी जाऊन फॉर्म भरणाऱ्या अन्वेषकानं किलोच्या रकान्यात ग्रॅम लिहिले होते. ही चूक कॉम्प्युटरही पकडतो. दुसऱ्या एका घरात माणूस एकच, आणि तांदूळ, गहू, डाळ, तेल सगळं शून्य. आमचा नवा पोरगा म्हणाला, "फॉर्म बाद करू." मी म्हटलं, थांब, शेवटचं पान बघ. तिथं बाहेरून विकत घेतलेल्या जेवणांचा आकडा भरलेला. गडी खानावळीत जेवत होता! असे फॉर्म बाद करत गेलं, तर एकटे राहणारे कामगार हिशेबातूनच गायब. कोणता विचित्र आकडा चुकीचा आणि कोणता खरा, हे ओळखायचा पगार मिळतो, बाई.

दिवाळीच्या आगेमागे काटोल-उमरेडकडे एखाद्या कृषी सहायकाच्या मागं लागून पीक कापणी प्रयोग बघून ये. शेताचा एक छोटा तुकडा कापून, तोलून उत्पादनाचा अंदाज काढतात तो. कापायचा तुकडा कोणी पसंतीनं निवडायचा नसतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून रँडम नंबरानं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या आकड्यानं, ठरेल तितकं चालायचं. तिथं सोयाबीन पिवळं पडलेलं असलं तरी तेच कापायचं. शेतमालक हमखास म्हणतो, "साहेब, तिकडलं चांगलं आहे." मोह होतोच. सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात गहू-भाताच्या उत्पादनाचे अंदाज याच शिस्तीवर उभे केले.

आता पोटापाण्याचं. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते. पदवीला स्टॅटिस्टिक्स हा विषय असला तरी बसता येतं. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला 21 ते 30. कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याची पदं कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून भरतात. औषध कंपन्या, विमा, बँका आहेतच, पण त्यासाठी बहुधा पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जावं लागेल. घरी हे आधीच सांगून ठेव.

गणित बेताचं असलं तर मात्र चालढकल नको. प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्सच्या पेपरात इंटिग्रेशन अडलं की सगळंच अडतं. रोज तासभर वही-पेननं सोडव. 'आर' हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घे. पण आधी सॅम्पलिंगचं (नमुना निवडीचं) एक तरी उदाहरण हातानं शेवटपर्यंत कर. मोठ्या बाबांना तो खानावळीवाला फॉर्म सांगून बघ. पटलं नाही, तर एम.एस्सी.चा अर्ज भरून टाक आणि मग सांग.