नवोदित शास्त्रीय गायिकेने श्रोते कसे मिळवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चोवीस, सांगलीत राहता, विशारद (गाण्याची पदवीसारखी परीक्षा) झाली आहे, शाळेत नोकरी आहे. दोन वर्षं रील्स टाकताय. एका रीलला चाळीस हजार व्ह्यूज आले, पण त्यानंतरच्या कार्यक्रमाला अकराच माणसं होती आणि त्यातली सात घरची. आता नोकरी सोडून पुण्याला यावं का?

मी पेटीची (हार्मोनियमची) साथ करतो, सतरा वर्षं झाली. साथीदार बसतो तिथून गाणारा दिसतो आणि ऐकणारेही दिसतात. कोण समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवतं, कोण घड्याळ बघतं, मध्यंतरात चहाला गेलेलं कोण परतत नाही, हे गाणाऱ्याच्या आधी आम्हाला कळतं. तिथून जे पाहिलं तेवढंच सांगतो.

चाळीस हजारांपैकी किती जणांना तुमचं नाव आठवत असेल? आणि घरचे सोडून जे चार आले ते कोण होते? कुणाच्या सांगण्यावरून आले? त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत का? माझं बहुतेक उत्तर त्या चौघांबद्दल आहे.

ज्या गायिकेला मी सर्वांत जास्त साथ केली, तिची पहिली बैठक कोथरूडला तिच्या मावशीच्या घरी झाली. सोफा जिन्यात नेऊन ठेवला, सतरंज्या घातल्या, बावीस माणसं दाटीवाटीने बसली. माइक नव्हता. सत्कार, प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, काही नाही. संध्याकाळी साडेसहाला पूरिया धनाश्री सुरू केला, पाऊण तास गायली, मग एक ठुमरी आणि शेवटी अभंग. दीड तासात संपलं. नंतर एक निवृत्त गृहस्थ बंदिशीचे शब्द विचारायला आले. तिने तिथेच मांडी घालून ते त्यांच्या डायरीत लिहून दिले आणि अंतऱ्यातल्या एका शब्दाचा अर्थही सांगितला. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला: आमच्या सोसायटीत कोजागिरीला गाल का? कोजागिरीला आलेल्यांपैकी एकांनी साताऱ्याला नेलं, तिथून कऱ्हाड. तीन वर्षांत त्या एका माणसामागून चौदा बैठका झाल्या. मी मोजल्यात, कारण चौदाही ठिकाणी पेटी माझीच होती.

तिच्याकडे एक वही आहे. बैठकीला आलेल्याचं नाव, नंबर, काय आवडलं ते. "कुलकर्णी काका, मारवा." पुढच्या वेळी मारवा गाणार असेल तर ती त्यांना स्वतः फोन करते. फॉरवर्ड केलेली पत्रिका लोक बघून सोडून देतात. फोन केला की येतात, येताना मेहुण्यालाही घेऊन येतात.

तर तुम्ही दर दोन महिन्यांनी एक घरगुती बैठक करा. पंचवीस-तीस माणसं पुष्कळ झाली. राग त्या त्या वेळेचा घ्या. बंदिशीबद्दल दोन वाक्यं बोला, व्याख्यान नको. माणशी दोनशे रुपये ठेवा आणि आधीच सांगून ठेवा. जमलेल्या पैशातून प्रथम तबला आणि पेटीचं मानधन द्या, तुमच्या हाती त्या दिवशी काहीही उरलं नाही तरी. आमच्यात गाणाऱ्याचं नाव यावरूनही ठरतं, आणि चांगला तबलजीच तुमचं नाव पुढच्या आयोजकाच्या कानावर घालतो.

फुकट गाण्याबद्दल. एका गावातल्या मंडळाने आम्हाला बोलावलं, मंडपावर आणि पुष्पगुच्छांवर भरपूर खर्च केला आणि गाणं संपल्यावर म्हणाले, "तुम्हाला व्यासपीठ दिलं की." प्रवासखर्चही मिळाला नाही. मला आजही त्याचा राग येतो. तेव्हापासून माझा नियम आहे की जिथे मोठेही सेवा म्हणून गातात तिथे आनंदाने फुकट वाजवायचं, बाकी ठिकाणी मानधन आधी ठरवून लिहून घ्यायचं. सेवेची जागा तर तुमच्या दाराशी आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात किराना घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब गायचे, आणि उरुसात तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. तिथे गायला मिळालं तर पैशाचा एक शब्द न काढता जा.

खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. कोल्हापूरची देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ ची, पुण्यातला भारत गायन समाज भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये काढलेला. आपल्याकडचा ऐकणारा वर्ग आयता मिळालेला नाही. तो गाणाऱ्यांनी आणि गाण्यावर जीव टाकणाऱ्यांनी घडवला. तुमच्या घरातली सतरंजी मला त्याच कामाचा भाग वाटते.

आता इंटरनेट. रील्स बंद करू नका, पण आयोजक रील बघून बोलावत नाही. तो म्हणतो, "अर्ध्या तासाचं काहीतरी पाठवा." म्हणून एक बडा ख्याल (विलंबित), एक छोटा ख्याल (द्रुत) आणि एक अभंग नीट रेकॉर्ड करून यूट्यूबवर ठेवा. फोनच्या माइकवर भिस्त ठेवू नका. फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो, त्यात तुमची हळू लावलेली आणि खुली तान सारखीच ऐकू येते. छोटा रेकॉर्डर भाड्याने आणा. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज). स्पॉटिफायवर वर्षात एका ट्रॅकचे १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या ट्रॅकचे पैसेच मिळत नाहीत. ख्याल गाणाऱ्याने या पैशावर घर चालवायचं गणित मांडू नये.

हक्कांचं मात्र समजून घ्या, कारण अभंगावर अनेकजण इथेच अडकतात. शब्द तुकोबांचे म्हणजे सगळं मोकळं, असं नाही. चाल श्रीनिवास खळ्यांची असेल तर ते २०११ मध्ये गेले आणि आपल्या कायद्यात हक्क (कॉपीराइट) निधनानंतर साठ वर्षं राहतो. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चालींचंही तेच. याउलट 'स्वयंवर' नाटकातली पदं बघा: पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा १९२२ मध्ये, म्हणजे शब्दही मोकळे आणि चालही. तरी यूट्यूबवर एखाद्या कंपनीचा हक्काचा दावा आपोआप येऊ शकतो. तेव्हा घाबरून व्हिडिओ काढू नका, ही सालं लिहून आक्षेप घ्या. सगळ्यांत चांगलं म्हणजे अभंगाला स्वतःची चाल लावा आणि आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या.

आकाशवाणीची ऑडिशन द्या. संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयासाठी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तुमच्या हातात फार वेळ नाही, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

नोकरी सोडू नका. माझ्या ओळखीतले बहुतेक गाणारे शिकवण्यांवर उभे आहेत, कार्यक्रमांची बिदागी वरची. परदेशातली मराठी मुलं ऑनलाइन शिकतात. झूमवर शिकवताना 'ओरिजिनल साउंड' चालू ठेवा, नाहीतर ते तानपुऱ्याला गोंगाट समजून गाळून टाकतं आणि मूल बिनआधाराचं गात राहतं. शिकवण्यांतून वर्षभर सलग पगाराइतके पैसे आले की मग नोकरीचा विचार करा. आणि पुण्यात आमच्यासारखे ढीगभर आहेत. सांगली-मिरजेत, कोल्हापुरात कान तयार असलेली माणसं आहेत आणि तुमच्या वयाच्या गाणाऱ्या कमी.

या नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या संगीत महोत्सवाला ऐकायला जा. त्या चौघांना मात्र याच आठवड्यात फोन करा. पहिल्या बैठकीला पेटीवाला मिळाला नाही तर मला कळवा. महिन्यातून एकदा कोल्हापूरला घरी जातो आणि गाडी सांगलीवरूनच जाते. पट्टी (कुठल्या स्वरात गाता ते) तेवढी आधी सांगा.