लोगो पीसीबीवर उतरवण्यापूर्वी

तुमचा लोगो पडद्यावर छान दिसतो, परंतु पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या छापील बोर्डावर) प्रत्येक छटा कुठल्या ना कुठल्या थरातूनच मिळवावी लागते. त्यामुळे ग्रेडियंट आणि सावल्या काढून टाकून आकृती तीन-चार सपाट भागांत विभागा. सिल्कस्क्रीनचा (बोर्डावर छापलेल्या शाईचा) बहुधा पांढरा रंग, उघड्या तांब्यावरील एनिग मुलाम्याचा (निकेलवर सोन्याचा पातळ थर) सोनेरी रंग आणि खाली तांबे आहे की नाही यानुसार बदलणाऱ्या सोल्डर मास्कच्या (बोर्डावरील रंगीत संरक्षक लेपाच्या) दोन छटा, एवढी रंगपेटी सुरुवातीला पुरेशी आहे.

नवख्यांची सर्वाधिक फसगत मास्कच्या थरात होते. हा थर उलटा वाचला जातो; तुम्ही जिथे आकार काढाल, तिथला मास्क वगळला जातो. सोनेरी अक्षर हवे असेल, तर तोच आकार तांब्याच्या थरातही द्यावा लागतो, अन्यथा खालचे पिवळट एफआर-४ (बोर्डाचे मूळ काचतंतू-साहित्य) उघडे पडते. (ते मुद्दाम उघडे ठेवले तर देखणेही दिसते, हे खरे.)

फाइल पाठवण्यापूर्वी एवढे तपासा:

- इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व मजकूर आणि स्ट्रोक (रेषा) पाथमध्ये, म्हणजे बाह्यरेखेच्या आकारांत, बदलून घ्या व एकमेकांवर आलेले आकार एकसंध करा.
- आकृती मिलिमीटरमध्ये, प्रत्यक्ष मापाची असावी. सिल्कस्क्रीनची रेषा ०.१५ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. पडद्यावर मोठे करून पाहताना हा दोष लक्षातच येत नाही.
- मास्क उघडा असलेल्या जागी सिल्कस्क्रीन ठेवू नका, कारण उत्पादक तेवढा भाग सहसा छाटून टाकतात.
- कायकॅड या पीसीबी आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या गर्बर फाइल (उत्पादकाला द्यायच्या थरनिहाय फाइल) व्ह्यूअरमध्ये एकेक थर उघडून पाहा.

आरपार उजेड जाणारी नक्षी दुसऱ्या बोर्डासाठी राखून ठेवा.