शेजाऱ्याच्या टाकीत रंग टाकू का?

प्रश्न : सर, आम्ही जयताळ्याकडे राहतो. घरची विहीर आहे, आणि मागच्या उन्हाळ्यापासून पाण्याला वास येऊन राहिला. बाजूच्या प्लॉटवर नवीन सेप्टिक टँक झाली पण शेजारी मानतच नाही, म्हणते मागच्या नालीचं पाणी असन. कोणी सांगितलं टाकीत होळीचा रंग टाका, विहिरीत उतरला की चोर पकडला. करावं का?

उत्तर : भाऊ, होळीचा रंग अजिबात नको. त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि बराचसा तर वाटेतल्या काळ्या मातीतच अडकून बसन. आयडिया मात्र चुकीची नाही, यालाच ट्रेसर टेस्ट म्हणतात. जर्मनीत 1877 साली डॅन्यूब नदीचं पाणी जिथं जमिनीत गडप होतं तिथं 10 किलो फ्लुरेसीन (पाण्यात हिरवा चमकणारा रंग) टाकलं होतं, ते साधारण 60 तासांनी 12 किलोमीटरवरच्या आख झऱ्यात हिरवंगार होऊन निघालं. आजही बहुतेक तेच वापरतात, कारण डोळ्याला दिसत नाही इतकं कमी असलं तरी फ्लुरोमीटर, म्हणजे अशी चमक मोजणारी मशीन, पकडते.

पण तिथला दगड चुनखडीचा, आत मोठमोठ्या पोकळ्या. तुमच्याकडे काळा बेसाल्ट, म्हणजे पाणी भेगाभेगांतून वाट काढत जाते, त्यामुळं सगळ्यात जवळची टाकीच दोषी असं काही नाही, दूरची एखादी भेगेनं थेट जोडलेली असू शकते. म्हणून आधी आजूबाजूच्या दोन-तीन विहिरींची पातळी एकाच दिवशी, पंप बंद ठेवून मोजा (जमिनीचा चढउतार धरून बरं का, नुसती दोरी सोडून नाही). पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते, एवढ्यानंच अर्धे संशयित सुटतात.

मग एक स्वस्तातला उपाय. कपडे धुवायच्या बहुतेक पावडरींमध्ये चमक आणणारं रसायन असते, ते नोटा तपासायच्या यूव्ही लाइटखाली निळं चमकते. कोरा कापूस घ्या, आधी त्या लाइटखाली धरून बघा की तो स्वतःच तर चमकत नाही ना, मग जाळीत बांधून विहिरीत खोल, ऊन पोचणार नाही असा आठवडाभर सोडा. काढून धुऊन अंधारात बघा. निळा चमकला तर कोणाचं तरी सांडपाणी विहिरीत येऊन राहिलं हे नक्की, पण कोणाचं ते हा कापूस सांगत नाही. त्यासाठी फ्लुरेसीनच लागते, आणि ते शेजाऱ्याला सांगून, त्याच्यासमोर, भूजलाचं काम करणाऱ्या माणसाकडूनच टाकून घ्या. टाकायच्या आधीचे नमुने घ्यायलाच पाहिजेत, नाहीतर नंतर कशाशी ताडून बघणार? बाटल्या काळ्या कागदात गुंडाळा, कारण उन्हानं तो रंग उडते. आणि त्या दिवसांत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकू नका, क्लोरीननं रंग पार नाहीसा होते आणि शेजारी उगाच सुटते!

रंग नाहीच आला तरी टाकी निर्दोष ठरली असं नाही. तो वाटेत मातीला धरला असन, किंवा तुम्ही नमुने घेणं थांबवल्यावर आला असन. शिवाय ही टेस्ट फक्त वाट दाखवते, पाण्यात काय आहे ते नाही. म्हणून लॅबमधून नायट्रेट आणि ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) तपासून घ्याच. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटते तसं ते वाढते. रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला नळाचंच घ्या.