लग्न ‘जुळवलं’ की ‘जमवलं’?

प्रश्न असा आहे: स्नेहसंमेलनासाठी विद्योत्तमा-कालिदासाच्या दंतकथेवर प्रहसन लिहिते आहे. विद्वान राजकन्येकडून वादात हरलेले पंडित बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणाऱ्या भोळ्या मुलाशी तिचं लग्न घडवून आणतात. त्यांच्या तोंडी ‘लग्न जुळवलं’ हवं, ‘जमवलं’ की ‘लावून दिलं’? तिन्ही एकच ना?

एकच नाहीत, आणि तुमच्या प्रहसनाची सगळी गंमत या फरकातच आहे.

‘जुळणं’ म्हणजे दोन बाजू एकमेकींना बरोबर बसणं. ‘जुळी’ भावंडं त्याच कुळातली. मागे संस्कृत ‘युगल’ आहे. सूर जुळतात, हिशेब जुळतो, पत्रिका जुळते. छापखान्यात एकेक खिळा उचलून ओळ लावणाऱ्याला ‘जुळारी’ म्हणत. जुळवण्यात असा हात लागतो, नजर लागते, मोजमाप लागतं. छत्तीस गुणांपैकी किती जुळले, हे बोटांवर सांगता येतं.

‘जमणं’ मात्र मोजता येत नाही. पोहायला जमतं, पुरणपोळी जमते, गाणं जमतं. कसं जमलं ते सांगायला गेलं की शब्द सापडत नाहीत. माझी आजी गावातल्या एका जोडप्याबद्दल म्हणायची, “पत्रिका सव्वीस गुणांनी जुळली होती गं, पण त्यांचं जमलंच नाही.” ही दोन क्रियापदं अदलाबदल करून बघा, वाक्य कोसळतं.

लग्नापुरती ती जवळ येतात, हे मान्य. ‘लग्न जमवलं’ सर्रास म्हणतात, उलट प्रेमातही ‘सूत जुळतं’. पण ‘लग्न’ हा शब्द काढून नुसतं ‘त्यांचं जमलं’ म्हणा. काय जमलं? वाक्यात कर्ताच नाही! ‘त्यांचं पटतं’, ‘त्यांचं बिनसलं’ ही त्याच घडणीची वाक्यं. दोघांमधल्या त्या गोष्टीला मराठीने नाव न देता नुसतं नपुंसकलिंगी क्रियापद ठेवलं, ही मला या भाषेतली फार देखणी जागा वाटते.

‘लावून देणं’ तिसरंच. ‘लग्न’ हा शब्दच ‘लग्’ धातूचा, म्हणजे लागलेलं, जोडलेलं. अंतरपाट दूर झाला की लग्न ‘लागतं’. ‘लावून दिलं’ म्हटलं की देणारा मोठा होतो आणि ज्यांचं लग्न ते बाजूला पडतात.

म्हणून पंडितांना ‘जुळवलं’ द्या. त्यांनी खरोखर जुळवाजुळव केलीय. खुणांनी चाललेल्या मूक वादात विद्योत्तमा एक बोट दाखवते, ब्रह्म एक म्हणून. त्या मुलाला वाटतं ही डोळा फोडणार, तो दोन बोटं उगारतो. पंडित लगेच अर्थ लावतात, ब्रह्म आणि जीव! ती पंजा दाखवते, पंचमहाभूतं. त्याला थप्पड दिसते, तो मूठ वळतो. पंडित सांगतात, पाचही एकवटली की देह होतो. आपसात कुजबुजताना मात्र त्यांनी ‘तिच्या गळ्यात मारला’ असंच म्हणावं. सूडाला तेच शोभतं. ‘लावून दिलं’ राजाच्या तोंडी चांगलं वाटेल.

‘जमतंय’ हा शब्द सखीसाठी राखून ठेवा, आणि तोही मुठीच्या प्रसंगी. विद्योत्तमा पहिल्यांदा हसते तिथे सखीने हळूच म्हणावं, “काहीच जुळत नाही, पण जमतंय हं!” हे वाक्य अस्सल मराठी आहे, प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

एक विनंती. पुढे तो मुलगा, म्हणजे कालिदास, शिकून परततो तेव्हा ती विचारते, “अस्ति कश्चित् वाग्विशेषः?” म्हणजे वाणीत काही विशेष आलंय का? रंगमंचावर त्याचं मराठी करू नका. ‘अस्ति’वरून कुमारसंभव, ‘कश्चित्’वरून मेघदूत आणि ‘वाक्’वरून रघुवंश सुरू होतं, असं ही दंतकथा सांगते. भाषांतर केलंत तर ते तिन्ही शब्द हातचे जातील.