गोष्टी हव्यात, गणित नको: पुराणकथांतून घरी गणित कसं घ्यावं?

थोरला चौथीत, धाकटी पहिलीत. गोष्टी दोघांनाही हव्यात आणि गणिताची वही काढली की दोघांनाही तहान लागते. सोलापुरात घरच्या घरी, विकतचं काही न आणता काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

गोष्ट निवडताना एक चाळणी लावा. आकडा बदलला तर गोष्ट मोडते का? 'मारुतीने ८ केळ्यांतली ५ खाल्ली, किती उरली' यात मारुतीच्या जागी शेजारचा बंडू चालतो. असं गणित मुलं लगेच ओळखतात आणि पुढच्या वेळी गोष्टीलाही नाही म्हणतात.

आपल्याच गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं घ्या. ७ नंदीध्वज (यात्रेत मिरवायचे उंच ध्वज) आणि ६८ शिवलिंगं हे आकडे मुलांच्या तोंडी असतातच, त्यामुळे ६८ ÷ ७ घालायचा मोह होतो. घालू नका. यण्णीमज्जनाला नंदीध्वज मिळून ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, लिंगं आपसात वाटून घेत नाहीत. भागाकार ९ आणि बाकी ५ येईल, पण त्या ५ लिंगांचं करायचं काय? त्यापेक्षा ६८ मण्यांची माळ ओवा आणि दर १० मण्यांनंतर रंग बदला. धाकटी दहा-दहाने मोजेल. थोरल्याला विचारा, २३ लिंगं झाली, राहिली किती? ३० पर्यंत ७, पुढे ६० पर्यंत ३०, वर ८, म्हणजे ४५. हातचा न घेता वजाबाकी होते आणि यात्राही तशीच पुढे सरकते.

'अडुसष्ट' लिहायला सांगितल्यावर ८६ लिहिणारी मुलं पुष्कळ असतात, कारण शब्दात आठ आधी ऐकू येतो. घरात किंवा शेजारी कन्नड, तेलुगू बोलत असतील तर याचा फायदा घ्या. कन्नडमध्ये अरवत्तेंटु, तेलुगूत अरवै एनिमिदि. दोन्हीकडे साठ आधी, आठ नंतर. दोन्ही शब्द म्हणवून घ्या आणि मग मराठी शब्द लिहायला द्या.

धाकटीसाठी रावण पुरेसा आहे. पुठ्ठ्यावर धड काढा, बाटलीची १० झाकणं डोकी म्हणून मांडा. रामाने काही डोकी उडवली की ती वाटीखाली झाकायची: दिसतात ६, मग वाटीत किती? डोकी पुन्हा उगवतात, म्हणून दर डावाला १० पासूनच सुरुवात होते आणि १० च्या सगळ्या जोड्या आपोआप पाठ होतात. मधलं डोकं नेमकं मध्ये बसत नाही, ४ एकीकडे आणि ५ दुसरीकडे होतात. मुलं यावर हटकून भांडतात. भांडू द्या, सम-विषम तिथेच कळतं.

थोरल्यासाठी माझी पहिली निवड अक्षौहिणी. महाभारतात सैन्याचं सगळ्यात लहान पथक म्हणजे पत्ती: १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ. रथाला झाकण, हत्तीला चिंचोका, घोड्याला हरभरा, पायदळाला ज्वारीचा दाणा घ्या. शेंगदाणे घेऊ नका, सैन्य खाल्लं जातं आणि हिशेब जुळत नाही. घरात अगदी लहान मूल असेल तर दाणे-चिंचोके टाळून कागदाच्या रंगीत चिठ्ठ्या करा. मांडणी कडा असलेल्या ताटात करा, फरशीवर ज्वारी घरंगळते.

३ पत्ती म्हणजे सेनामुख, ३ सेनामुखं म्हणजे गुल्म. इथपर्यंत हाताने मांडायचं: ९ झाकणं, ९ चिंचोके, २७ हरभरे, ४५ दाणे, एकूण ९०. पुढे कागदावर, दर वेळी तिप्पट: गण २७०, वाहिनी ८१०, पृतना २,४३०, चमू ७,२९०, अनीकिनी २१,८७०. मोठ्या संख्यांना मूल अडत असेल तर फक्त रथांचा रकाना चालवा: १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २,१८७.

चूक होते ती शेवटच्या पायरीला. १० अनीकिनी मिळून एक अक्षौहिणी होते, ३ नव्हे. तिपटीची लय लागलेली असते, म्हणून उत्तर २,१८,७०० ऐवजी ६५,६१० येतं. खोडू नका. अक्षौहिणीत घोडे ६५,६१० च असतात! अनीकिनीतलं एकूण सैन्य २१,८७० आणि अक्षौहिणीतले रथही २१,८७०. घोडे रथांच्या तिप्पट. हे मुलाला शोधू द्या, सांगून टाकू नका. कौरवांच्या ११ आणि पांडवांच्या ७ अक्षौहिणींचा गुणाकार दुसऱ्या दिवशी. एका बैठकीला २० मिनिटं खूप झाली.

वहीत चौकटी असतील तर विष्णूचे चार हात घ्या. शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या ४ चिठ्ठ्या ४ हातांत किती प्रकारे देता येतील? उत्तर २४, आणि केशव, नारायण, माधव अशी जी २४ नावं संध्येत येतात, त्यांच्या मूर्ती याच मांडणीवरून वेगळ्या ओळखल्या जातात. मुलं वाटेल तशा चिठ्ठ्या फिरवतात, मग काही मांडण्या दोनदा येतात, काही सुटतात आणि उत्तर १७-१९ वर थांबतं. उपाय असा: शंख एका हातात पक्का करा, उरलेल्या तिघांच्या ६ मांडण्या लिहा, मगच शंख पुढच्या हातात द्या. सुरुवात तीनच चिठ्ठ्यांनी केली तर बरं.

अपूर्णांक सुरू झाले असतील तर भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीतलं कमळांचं उदाहरण आहे (साल मुलं नेमकं विचारतात). कमळांच्या राशीतला तिसरा भाग शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, उरलेली ६ गुरूंच्या पायी. एकूण कमळं किती? लहानांना हे उलटं द्या: कमळं १२०, प्रत्येकाला किती? चौकटीच्या वहीत १२ उभ्या रांगा, प्रत्येकीत १० चौकोन, असा आयत आखा. शिवाच्या ४ रांगा, देवीच्या ३, सूर्याच्या २ सरळ रंगतात. विष्णूला अडतं, कारण १२ रांगांचे ५ सारखे भाग होत नाहीत. १२० ÷ ५ = २४ काढून २ रांगा आणि वर ४ चौकोन रंगवायचे. कोरे राहतात ते ६.

नेहमीची चूक म्हणजे दर वेळी उरलेल्यातून भाग काढणं: १२० तून ४० गेले, ८० चा पाचवा १६, उरले ६४, आणि ६४ चा सहावा भाग पुरा निघत नाही. मूल तिथे अडलं की उत्तर सांगू नका, 'देवाला अर्धवट कमळ वाहायचं का?' एवढंच विचारा आणि प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचायला लावा.