वाचकांचे प्रश्न: चार तासांत संपणारा वन-शॉट

प्रश्न: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी गोष्ट, घ्यायचा आहे. पाच खेळाडू, त्यांतले तिघं अगदी नवखे, वेळ चारच तास. मागच्या खेपेला गुहेच्या तोंडाशी पोचेपर्यंतच रात्र झाली आणि खेळ अर्ध्यावर सोडावा लागला. काय चुकलं असेल?

बहुधा सुरुवातच लांबली. चार तास म्हणजे २४० मिनिटं. उशिरा येणं, चहा आणि नियमांवरची हुज्जत यांत चाळीसेक जातात, असं धरूनच चाला. नवख्यांसोबत एक लढाई पाऊण तास सहज खाते, म्हणून लढाया दोनच ठेवा. खाणावळीत भेट, मोहिमेची बोलणी, मग बाजारात दोरखंड नि मशालींची खरेदी, हे सगळं महिनोन्‌महिने चालणाऱ्या कॅम्पेनला शोभतं. वन-शॉटचं पहिलंच वाक्य असं हवं: 'मागचा पूल कोसळलाय, समोर देवळाचं दार आहे, आणि आतून कुणीतरी तुमच्यातल्या एकाला नावानं हाका मारतंय.' इथवर का आलात, हे खेळाडूंनीच सांगायचं, प्रत्येकी एका वाक्यात.

कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती नि आकडे असलेला कागद, घरून तयार करून न्या. टेबलावर पात्रं घडवायला बसलात तर तास गेलाच. पाच जणांसाठी सहा शीट ठेवा, म्हणजे शेवटच्यालाही निवड राहते. लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) पहिली नको, तिसरी घ्या. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) जेमतेम आठ असतात. गॉब्लिनचा, म्हणजे खुज्या राक्षसाचा, एक क्रिटिकल बसला (वीस पडल्यावरचा दुप्पट फाशांचा वार: दोन सहा-बाजूंचे फासे अधिक दोन, सरासरी नऊ) की तो आडवा, आणि त्याचा खेळाडू उरलेली लढाई मोबाइलमध्ये डोकं घालून. तिसऱ्या लेव्हलला तेच हिट पॉइंट वीसच्या आसपास जातात. पाचवीच्या वर मात्र नकोच; स्पेलची (मंत्रांची) यादी वाचतानाच नवख्याला घाम फुटतो.

शेवटाला एकटाच ओगर (धिप्पाड राक्षस) उभा करण्याचा मोह होतो, तो आवरा. त्याचे हिट पॉइंट ५९, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) अवघा ११. एका फेरीत तुमचे पाच जण पाच वार करणार, तो एक. दोन-तीन फेऱ्यांत खेळ खलास. सोबतीला चार गॉब्लिन द्या आणि मारामारीखेरीज एक काम जोडा: तळघरात पाणी चढतंय आणि पिंजऱ्यातल्या पोराला बाहेर काढायचंय. लढाई रेंगाळली तर ओगर पडताच गॉब्लिन पळवून लावा. शेवटचा गॉब्लिन शोधून मारण्यात कुणालाही रस नसतो.

तीन तास झाले की खेळाडू कुठेही असोत, शेवटच्या प्रसंगाकडे वळा. त्यासाठी मधली एक खोली अशीच आखा, जी गाळली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही.

प्रश्न: खुनाचा छडा लावायचा खेळ घेतला. टेबलाच्या खणातलं पत्र सापडलं की पुढचं कळणार होतं, पण फासा कमी पडला आणि सगळे तासभर तिथेच घुटमळले.

ज्या धाग्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही, तो फाशाच्या हवाली करू नये. हिशेब बघा: फाशाच्या आकड्यात तीन मिळवता येणाऱ्या (+३) पात्राला १५ गाठायचे तर वीस-बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. ही शक्यता ४५ टक्के, म्हणजे हुकण्याचीच जास्त. खण उघडला की पत्र मिळालंच, असं ठरवून टाका. फासा टाकायचा तो त्यापुढचं ठरवायला: अक्षर ओळखू येतं का, शोधताना पहारेकरी येऊन धडकतो का. शिवाय तोच निष्कर्ष आणखी दोन ठिकाणी पेरा, एक मोलकरणीच्या तोंडी, एक खुन्याच्या चिखलानं भरलेल्या जोड्यांत. एक खूण खेळाडूंना दिसत नाही, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी बहुतेक लागू पडते.

प्रश्न: मराठीत खेळवताना नाटकी वाटतं. नियम तर इंग्रजीतच आहेत. काय करावं?

नियमांचे शब्द भाषांतरू नका. 'सेव्हिंग थ्रो टाक' (म्हणजे धोक्यातून वाचायला फासा टाक) हे वाक्य छान चालतं. शीटवर छापलंय तेच बोललात, तर नवखा शोधत बसत नाही. मराठीची खरी गंमत संवादांत आहे. राजा 'तू' म्हणतो, दिवाण 'आपण'. आणि आतापर्यंत 'तुम्ही' म्हणणारा वाटाड्या एकदम 'तू'वर आला, की टेबलावरच्या सगळ्यांना वास येतो. एखादी खेळाडू पुरुष पात्र खेळणार असेल तर ती 'तलवार काढतो' म्हणणार की 'काढते', हे आधी तिलाच विचारा. मध्येच अडखळण्यापेक्षा ते बरं.

'तुम्ही काय करता?' हा अनेकवचनी प्रश्न मात्र टाळा. त्याला नेहमी एकच बोलका खेळाडू उत्तर देतो. 'रुद्रा, दार हलतंय. तू काय करतेस?' असं पात्राच्या नावानं विचारा, आणि गप्प बसलेल्यांना आधी.

प्रश्न: पुस्तकं आणि फासे किती घ्यावे लागतील?

पुस्तक सुरुवातीला घेऊच नका. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. ओगर आणि गॉब्लिन दोघंही त्यात आहेत. सात फाशांचे दोन संच पाच जणांत पुरतात, फक्त वीस-बाजूंचा फासा प्रत्येकाला वेगळा असावा. शीटवर पेनऐवजी पेन्सिल वापरा. आणि भजी मध्यंतरापुरतीच ठेवा: तेलकट बोटांनी हिट पॉइंट खोडले की कागदाला भोक पडतं.