टी बोन बर्नेट गायक म्हणून चालला नाही, म्हणून प्रोड्युसर झाला का?

तुम्ही विचारलंय की या अमेरिकन बर्नेटच्या नावावर एवढे ग्रॅमी पुरस्कार आहेत, प्रोड्युसर म्हणून, म्हणजे रेकॉर्डिंगची सूत्रं हातात ठेवून, दुसऱ्यांचे अल्बम त्याने गाजवले, मग त्याची स्वतःची गाणी कुणाला माहीत का नाहीत? गाण्यात जमलं नाही म्हणून तो स्टुडिओच्या काचेपलीकडे जाऊन बसला का? आणि त्याचं स्वतःचं ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

माझं पोट ध्वनिमुद्रणाच्या कामावर चालतं, त्यामुळे मी या माणसाकडे आधी त्या बाजूने बघतो, हे लक्षात ठेवून वाचा. माझ्या मते क्रम उलटा आहे. तो आधी स्टुडिओतला माणूस होता, गायक नंतर झाला.

जन्म 1948 चा, सेंट लुईसचा, पण वाढला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला. शाळा-कॉलेजच्या वयातच स्टुडिओत घुसला. 1968 मध्ये ‘लिजेंडरी स्टारडस्ट काउबॉय’ असं नाव घेतलेल्या एका अवलिया गायकाचं ‘पॅरलाइज्ड’ हे गाणं तिथे रेकॉर्ड झालं. गाणं कसलं, किंचाळणं, मधेच बिगुल आणि मागे ड्रमची झोडपाझोडपी. ड्रम झोडपणारा बर्नेट आणि रेकॉर्ड करणाराही तोच. एकदा ऐकाच. पुढे इतकं संयमी काम करणाऱ्या माणसाची सुरुवात अशी झाली यावर विश्वास बसत नाही. पहिला अल्बम आला 1972 मध्ये, जे. हेन्री बर्नेट या नावाने. तो विरून गेला.

1975 च्या शरद ऋतूत बॉब डिलनने ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ नावाचा फिरता तमाशा काढला (तमाशाच म्हणतो, कारण त्यात कवी, नट, गायक, कॅमेरेवाले असा सगळा फड होता). गिटारवाल्यांच्या फळीत सगळ्यात उंच दिसणारा बर्नेट. दौरा संपल्यावर त्यातल्याच स्टीव्हन सोल्स आणि डेव्हिड मॅन्सफिल्ड यांना घेऊन त्याने ‘अल्फा बँड’ काढला. तीन अल्बम केले, खपले नाहीत. मग एकट्याच्या नावावर 1980 मध्ये ‘ट्रुथ डिके’, 1983 मध्ये ‘प्रूफ थ्रू द नाइट’. समीक्षकांनी वाहवा केली, दुकानात माल पडून राहिला. मला त्याचं कारण कळतं. शब्द धारदार आहेत, पण तो श्रद्धाळू ख्रिश्चन आहे आणि प्रसिद्धी, पैसा, ढोंग यांच्यावर लिहिताना त्याचा सूर कीर्तनकारासारखा चढतो. आवाज कोरडा, ऐकणाऱ्याची मनधरणी न करणारा. शब्दांकडे लक्ष देऊन ऐकलं तर मजा येते, गाडीत सहज लावायला ही गाणी नाहीत.

1984 नंतर चित्र बदलतं. लॉस लोबोस या बँडचा अल्बम, मग 1986 मध्ये गायक एल्व्हिस कॉस्टेलोचा ‘किंग ऑफ अमेरिका’. यात बर्नेटची पद्धत पहिल्यांदा स्पष्ट दिसते. कॉस्टेलो इंग्लंडचा, न्यू वेव्ह या रॉक प्रकाराच्या गर्दीतून आलेला. बर्नेटने त्याच्यामागे कोण बसवले, तर जेम्स बर्टन, जेरी शेफ आणि रॉन टट, म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीदारांची फळी. काही गाण्यांवर तर जॅझमधला दिग्गज बासवादक रे ब्राउन. बटणं फिरवण्याआधी, माइक लावण्याआधीही, खोलीत कोण बसणार हे त्याने ठरवून टाकलेलं असतं. अर्धं काम तिथेच झालं. पुढच्याच वर्षी जुन्या पिढीतला गायक रॉय ऑर्बिसन याच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रसिद्ध कार्यक्रमाचं संगीत दिग्दर्शन त्याच्याकडे होतं. ब्रूस स्प्रिंगस्टीन, टॉम वेट्स, कॉस्टेलो साथीला उभे, बॉनी रेट, के. डी. लँग कोरसमध्ये, आणि मधोमध ऑर्बिसन. एवढ्या मोठ्या लोकांना मागे उभं करून कुणालाच कमीपणा वाटू न देणं ही वेगळीच कला आहे.

काउंटिंग क्रोज (1993) आणि द वॉलफ्लॉवर्स (1996, यातला गायक डिलनचा मुलगा जेकब) या दोन बँडचे त्याने केलेले अल्बम लाखोंनी खपले. चांगले आहेत, पण त्यांच्यावर वेळ घालवत नाही. त्याच 1996 मधला, त्यानेच केलेला, गायिका गिलियन वेल्चचा ‘रिव्हायव्हल’ मात्र शोधून ऐका, कारण पुढच्या सगळ्याची बीजं त्यात आहेत.

आता मुख्य गोष्ट. कोएन बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा 2000 मधला चित्रपट, 1937 च्या मिसिसिपीत घडणारा. गाणी शूटिंगच्या आधीच तयार करायची होती आणि काम बर्नेटकडे आलं. त्याने ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं अमेरिकन ग्रामीण संगीत), गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं), कामकऱ्यांची गाणी असा ऐवज गोळा केला आणि ती गाणी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत अशांना बोलावलं. वेल्च होतीच, ॲलिसन क्राउस होती, जॉर्ज क्लूनीच्या तोंडी आवाज डॅन टिमिन्स्कीचा. आणि ब्लूग्रासचे ज्येष्ठ गायक राल्फ स्टॅन्ली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ‘ओ डेथ’ हे गाणं बँजोच्या साथीने, एका जुन्या रेकॉर्डच्या धर्तीवर करायचं असं बर्नेटच्या मनात होतं. स्टॅन्ली म्हणाले, मला माझ्या चर्चच्या पद्धतीने, वाद्याशिवाय म्हणून बघू दे. म्हटलं, आणि बँजो बाद झाला. मृत्यूला विनवणारा तो एकटा, चिरकलेला आवाज पडद्यावर ऐकताना अंगावर काटा येतो. स्टुडिओत बसणाऱ्या कुणालाही विचारा, ठरवून आणलेली कल्पना क्षणात सोडून देणं किती जड जातं. त्या गाण्याने स्टॅन्लींना पंचाहत्तराव्या वर्षी कंट्री गायकाचा ग्रॅमी मिळवून दिला.

चित्रपट सुरू होतो तो बेड्या घातलेल्या कैद्यांच्या गाण्याने. ते नवीन नाही. 1959 मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीतल्या तुरुंगात जेम्स कार्टर आणि इतर कैद्यांना लाकडं फोडताना रेकॉर्ड केलं होतं, तीच फीत बर्नेटने जशीच्या तशी वापरली. अल्बम खपू लागल्यावर लोमॅक्सच्या संग्रहातल्या माणसांनी कार्टरचा शोध सुरू केला. म्हातारा शिकागोत सापडला. त्याच्या हातात 20,000 डॉलरचा चेक पडला आणि 2002 च्या ग्रॅमी सोहळ्याला तो हजर होता. अनामिक लोकगायकांच्या जिवावर नाव कमावणाऱ्यांची यादी जगभर मोठी आहे, म्हणून हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. श्रेय मात्र बर्नेटपेक्षा त्या संग्रहाच्या लोकांना जास्त द्यायला हवं.

कंट्री रेडिओने या अल्बमला जवळजवळ हात लावला नाही. तरी तो बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला आणि 2002 च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. त्या वर्षी स्पर्धेत यूटू होते आणि डिलनही. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याच्या मागे गिटार धरून उभा होता, त्याच्याच अल्बमला बर्नेटने मागे टाकलं.

‘रेझिंग सँड’ (2007) ऐकताना चांगले हेडफोन लावा. लेड झेपलिन या रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लांट आणि ब्लूग्रासची क्राउस, कागदावर ही जोडी विनोदी वाटते. प्लांटला दुसऱ्या आवाजाला धरून गायची सवयच नव्हती. त्यांच्यामागे ‘जे बेलरोझ’ या वादकाचा ड्रम आहे, मोठ्या तोंडाचा, ढिला, घुमणारा. झांजांचा चरचराट जवळजवळ नाहीच. डेनिस क्राउचचा उभा बास त्या घुमाऱ्यात मिसळतो आणि वरची सगळी जागा दोन आवाजांसाठी मोकळी राहते. आजकाल मिक्स करताना आम्ही ती वरची जागाच आधी भरतो, कारण फोनच्या स्पीकरवर तेवढंच पोचतं. बर्नेटने त्याची पर्वा केली नाही. त्या अल्बमलाही 2009 च्या ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. नंतर त्याचा हाच घुमारा इतक्या अल्बमांत आला की कधीकधी गायक बदलला तरी खोली तीच वाटते. ही तक्रार रास्त आहे.

चित्रपटांचं पुढचं काम तुम्हाला माहीत असेल. ‘क्रेझी हार्ट’मधल्या गाण्यासाठी रायन बिंगहॅमबरोबर त्याला ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटाचं संगीत त्याने स्टीफन ब्रूटन या फोर्ट वर्थच्या बालमित्राबरोबर केलं होतं. ब्रूटन 2009 मध्ये, चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, कर्करोगाने गेला.

एका बाबतीत माझं त्याच्याशी पटत नाही. एमपीथ्रीमुळे संगीताची वाट लागली हे तो वर्षानुवर्षं सांगतो, आणि कानाने बघाल तर तो खोटं बोलत नाही. पण त्यावर त्याने काढलेला उपाय बघा. 2022 मध्ये डिलनचं एक सर्वपरिचित गाणं नव्याने रेकॉर्ड करून त्याची एकच तबकडी बनवली, आणि लंडनमध्ये लिलावात ती सुमारे 15 लाख पौंडांना गेली. तुरुंगातल्या कैद्याचा आवाज लाखो घरांत पोचवणाऱ्याने एक गाणं एका श्रीमंताच्या कपाटात ठेवावं, हे मला काही रुचलं नाही.

तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. 1992 ते 2006 या काळात त्याचा स्वतःचा एकही नवा अल्बम नाही आणि नेमकी हीच वर्षं प्रोड्युसर म्हणून त्याच्या बहराची. गीतकार म्हणून त्याला जे सांगायचं होतं, म्हणजे गाण्यात माणूस दिसावा, दिखावा नको, ते त्याला दुसऱ्याच्या गळ्यातून जास्त नेमकं सांगता आलं, असं माझं मत. स्वतः गायला की तो बजावतो. दुसऱ्याला गायला बसवलं की गप्प बसतो.

ऐकायचं तर सुरुवात 2024 च्या ‘द अदर साइड’ने करा. साधी गिटार, हळू गाणी, उपदेश जवळजवळ गळून पडलेला. मग मागे ‘ट्रुथ डिके’कडे जा. 2019 चा ‘द इनव्हिजिबल लाइट’ शेवटी ठेवा, तो बोलण्या-ठोक्यांचा प्रयोग आहे आणि पहिल्याच भेटीत तो ऐकलात तर माणूस नावडता होईल. आणि त्याने लिहिलेली गाणी दुसऱ्याच्या आवाजात हवी असतील तर बीटल्सच्या रिंगो स्टारचा 2025 चा ‘लुक अप’ आहे, त्यातली बहुतेक गाणी बर्नेटचीच.